इन्फर्मेशन आर्किटेक्ट नेमकं काय करतो? दाखल्यांच्या ॲपवरून पायरीपायरीने

जमिनीचे दोन कागद गावाकडच्या बहुतेक घरांत असतात, सातबारा आणि आठ-अ. सातबारा काढायचा तर गट नंबर हवा. मग त्या गटावर कोणाकोणाची नावं आहेत, क्षेत्र किती, पीक कोणतं हे कळतं. आठ-अ काढायचा तर खाते नंबर हवा. मग त्या खातेदाराच्या नावावर त्या गावात कोणकोणते गट आहेत ते दिसतं. जमीन तीच आणि माणसंही तीच. पण 'ही जमीन कोणाची?' असं विचारत येणाऱ्यासाठी एक दार आहे आणि 'माझी जमीन कुठे कुठे आहे?' असं विचारणाऱ्यासाठी दुसरं. हे दोन्ही कागद ज्यांत मोडतात ते गाव नमुने १ ते २१, म्हणजे गावाच्या जमीन-महसुलाच्या नोंदींचे ठरीव तक्ते, ज्या कोणी आखले, त्याने संगणक येण्याच्या कितीतरी आधी माहितीची वास्तुरचना केली होती.

सॉफ्टवेअरमध्ये इन्फर्मेशन आर्किटेक्ट हेच काम करतो. माहिती कोणत्या ढिगात जाईल, त्या ढिगाला नाव काय द्यायचं, तिथपर्यंत किती वाटांनी पोचता येईल आणि शोधलं तर सापडेल का, हे तो ठरवतो. हा शब्दप्रयोग रूढ केला तो रिचर्ड सॉल वर्मन या अमेरिकन वास्तुविशारदाने. १९७६ साली तिथल्या वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय परिषदेचा विषयच त्याने 'माहितीची वास्तुकला' असा ठेवला होता. पुढे वेब आल्यावर लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी या कामाला पद्धतशीर रूप दिलं. दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले, आणि त्यात नवल नाही. हजारो पुस्तकांतून हवं ते पुस्तक वाचकाच्या हाती कसं पडेल, हाच तर ग्रंथपालाचा रोजचा प्रश्न.

हा लेख मराठीत काम करणाऱ्या डेव्हलपर, बिझनेस ॲनालिस्ट आणि डिझायनर मंडळींसाठी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच टीममध्ये या नावाचं पद नसतं. मग हे काम थोडं ॲनालिस्ट करतो, थोडं डिझायनर करतो आणि उरलेलं डेटाबेसचं टेबल लिहिणारा नकळत करून टाकतो. मराठी तर सगळ्यात शेवटी येते: इंग्रजीत मेनू ठरतो, कोड होतो, आणि मग एका एक्सेल फाइलमधून शब्दांचं भाषांतर मागवलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की तोपर्यंत उशीर झालेला असतो. लोक ज्या शब्दांत विचार करतात त्या शब्दांतूनच रचना उभी राहिली पाहिजे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. समजा, आपल्याला सरकारी दाखल्यांची माहिती देणारं ॲप करायचं आहे: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, जन्माचा दाखला, सातबारा, आठ-अ, फेरफार.

पहिली पायरी: लोकांचे शब्द गोळा करा

स्क्रीन काढायला घेण्याआधी एखाद्या सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात एक सकाळ बसा. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे दिवस उत्तम, कारण तेव्हा प्रवेशासाठी दाखले काढायला रांग लागलेली असते. केंद्रचालकाची परवानगी घ्या, कोणाचंही नाव किंवा आधार क्रमांक टिपू नका. लिहायचं फक्त पहिलं वाक्य. माणूस खिडकीशी येऊन जे पहिलं बोलतो ते, जसंच्या तसं.

'क्रिमिलेअर काढायचंय.' 'पोरीच्या ॲडमिशनला काय काय लागतं?' 'वडील वारले, नाव लावायचंय.' 'तीन वर्षांचा उत्पन्नाचा हवाय.' अशा वाक्यांत तुमच्या ॲपची अर्धी रचना असते. एक तर, क्रिमिलेअर म्हणणाऱ्याला नॉन-क्रिमिलेअर हवं असतं, आणि 'तुम्ही चुकीचं नाव घेतलं' असं त्याला सांगण्यात काही अर्थ नाही. दुसरं, अनेकजण दाखल्याचं नाव घेतच नाहीत, प्रसंग सांगतात: प्रवेश, नोकरी, वारस. आणि 'नाव लावणं' म्हणजे वारस नोंद आणि फेरफार, हे भाषांतराच्या एक्सेल फाइलमधून कधीच कळलं नसतं.

जुनी वेबसाइट किंवा ॲप असेल तर सर्चच्या नोंदी मागून घ्या. त्यातही ज्या शोधांना एकही उत्तर मिळालं नाही त्यांची यादी सर्वांत मोलाची. मोठ्या संशोधनाला बजेट नसेल तरी ही यादी फुकट मिळते, आणि ती मागायला टीममधले लोक विसरतात.

दुसरी पायरी: आहे त्या माहितीची मोजदाद

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला फाटा देता येत नाही. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक पान किंवा एक पीडीएफ. रकाने: शीर्षक, पत्ता, कशाबद्दल, कोणासाठी, शेवटचा बदल कधी, जबाबदारी कोणाची, आणि ठेवायचं, दुरुस्त करायचं की काढायचं. एकाच दाखल्याची कागदपत्रांची यादी तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या रूपांत सापडली तर ते ठळक रंगवून ठेवा. ॲपवरचा विश्वास इथेच उडतो. कारण माणूस दोनदा तालुक्याला खेटे घालतो तो अशाच जुन्या यादीमुळे.

तिसरी पायरी: गोष्टी कोणत्या, आणि त्यांची नाती काय

आता पानांचा विचार सोडा. आपल्या विषयात खऱ्या 'वस्तू' कोणत्या आहेत ते लिहा: सेवा, कागदपत्र, कार्यालय, अधिकारी, प्रसंग. मग प्रत्येकीचे गुणधर्म.

सेवेच्या बाबतीत महाराष्ट्रात अर्धं काम कायद्यानेच करून ठेवलंय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित केलेल्या सेवेला नियत कालमर्यादा असते, पदनिर्देशित अधिकारी असतो, प्रथम आणि द्वितीय अपिलाचे अधिकारी असतात. म्हणजे हे चार रकाने तुमच्या मॉडेलमध्ये, वस्तू आणि नात्यांच्या आराखड्यात, आलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला शुल्क, दाखल्याची मुदत, अधिकृत नाव, बोलीतली नावं.

नात्यांमध्ये खरी गंमत आहे. जातीचा दाखला ही एक सेवा आहे, पण नॉन-क्रिमिलेअर काढताना तोच दाखला जोडायचं कागदपत्र होतो. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. डेव्हलपरने सेवांचं एक टेबल केलं आणि कागदपत्रांची यादी त्यात साधा मजकूर म्हणून टाकली, तर हे नातं हरवलं. मग 'हा दाखला तुमच्याकडे नसेल तर आधी तो काढा, तो असा मिळेल' हे ॲपला कधी सांगता येणार नाही. नातं नीट नोंदलं असेल तर नॉन-क्रिमिलेअरच्या पानावर आपोआप क्रम तयार होतो: आधी हा दाखला, मग तो, मग हा. आणि जातीचा दाखला वेगळा, जात वैधता प्रमाणपत्र वेगळं, ते पडताळणी समिती देते. लोकांची या दोहोंत गल्लत होते. तेव्हा 'गल्लत होणारी सेवा' असंही एक नातं मॉडेलमध्ये ठेवा आणि दोन्ही पानांवर एकमेकांचा दुवा द्या.

फळ्यावर चौकोन आणि बाण काढून हे मॉडेल डेव्हलपर आणि विषय जाणणारा माणूस, म्हणजे एखादा निवृत्त अव्वल कारकून किंवा अनुभवी केंद्रचालक, या दोघांसमोर एकाच वेळी मांडा. एकाला पटलं आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर मॉडेल अजून कच्चं आहे.

चौथी पायरी: वर्गीकरण

सरकारी सेवा विभागवार लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण माहिती पुरवणारे विभागवार बसलेले असतात. पण जन्माचा दाखला खेड्यात ग्रामपंचायत देते आणि पुण्या-नागपुरात महानगरपालिका. तो शोधणाऱ्याने 'ग्रामविकास' उघडायचं की 'नगरविकास', हे त्याने का ठरवावं?

इथे आपल्याच देशातल्या एका माणसाची आठवण ठेवायला हवी. शियाळी रामामृत रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी कोलन वर्गीकरण मांडलं. तोवर पुस्तकाला एका मोठ्या झाडाच्या एकाच फांदीवर जागा मिळायची. रंगनाथन म्हणाले, विषयाला अनेक पैलू असतात. त्यांनी पाच धरले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. आज खरेदीच्या ॲपवर आपण किंमत, रंग, माप असे फिल्टर लावतो, त्यामागचा विचार हाच. वाचकाचा वेळ वाचवा, हा १९३१ साली त्यांनी सांगितलेल्या पाच नियमांपैकी चौथा. माहितीच्या रचनेत वाद झाला की मी त्या नियमाकडे परत जातो.

आपल्या ॲपचे पैलू काढून पाहू. कशासाठी: प्रवेश, नोकरी, शेती, वारस, घरखरेदी. कोणाला: विद्यार्थी, शेतकरी, ज्येष्ठ नागरिक. कुठे: ग्रामीण, शहरी, आणि कोणता तालुका. काय: दाखला, उतारा, नोंद. एकच उत्पन्नाचा दाखला 'प्रवेश' खालीही येईल आणि 'ज्येष्ठ नागरिक' खालीही. एका गोष्टीला एकच जागा, हा नियम कपाटाचा. सॉफ्टवेअरला तो लागू नाही.

पण कोणता पैलू सगळ्यात वर ठेवायचा? ते आपण ठरवायचं नाही, कार्ड सॉर्टिंगने ठरवायचं. ३० ते ४० चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकीवर एक सेवा आणि खाली एक ओळ खुलासा. ज्यांच्यासाठी ॲप आहे त्या लोकांना एकेक करून बसवा आणि म्हणा, 'जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा आणि ढिगाला तुमच्या शब्दांत नाव द्या.' ही झाली खुली पद्धत. वर्ग आधी देऊन त्यांत कार्डं टाकायला लावली तर ती बंद पद्धत. सुरुवातीला खुलीच वापरा. किती माणसं? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००४ साली साधारण १५ जण सुचवले होते आणि तो आकडा कामाला येतो. माणूस चिठ्ठी हातात धरून थांबला की त्याला विचारा, 'काय मनात आलं?' ढिगांपेक्षा ते थांबणं जास्त शिकवून जातं. दोन ढिगांच्या मध्ये घुटमळणारं कार्ड दोन्हीकडे ठेवायचं असतं, हा इशारा असतो.

मग कोणती दोन कार्डं किती जणांनी एकत्र ठेवली याचा तक्ता करा. १५ पैकी १२ जणांनी सातबारा आणि फेरफार एकत्र ठेवले असतील तर चर्चा संपली.

मेनूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत, असं कोणी सांगेल. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो सात अधिक-उणे दोनचा लेख अल्पकालीन स्मृतीबद्दल होता. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करावा लागत नाही. दहा स्पष्ट नावं पाच संदिग्ध नावांपेक्षा बरी.

पाचवी पायरी: नावं

पुढची जोडी बघा. अधिकृत नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र', लोकांचं नाव 'डोमिसाईल'. अधिकृत 'अधिकार अभिलेख', लोकांचं 'सातबारा'. शीर्षकात लोकांचं नाव ठेवा आणि लगेच खाली लहान अक्षरात अधिकृत नाव द्या, कारण अर्जावर तेच छापलेलं असेल आणि माणूस तिथे गोंधळायला नको. उलट केलं तर ॲप नियमाला धरून होतं, पण कोणाला सापडत नाही.

शुद्ध मराठीचा आग्रह मलाही आहे. तरी 'संकेतशब्द पुनर्स्थापित करा' वाचून थबकलेले लोक मी पाहिलेत आणि 'पासवर्ड विसरलात?' वर न थांबता बोट ठेवणारेही. जिथे रुळलेला मराठी शब्द आहे तिथे तो हक्काने वापरा: उतारा, नोंद, मुदत, हरकत, अर्ज. 'ॲप्लिकेशन' पेक्षा 'अर्ज' छोटाही आहे आणि ओळखीचाही.

नावांत 'इतर', 'सामान्य', 'महत्त्वाचे दुवे' असे शब्द आले तर समजा की वर्गीकरण तिथे हरलं. त्या ढिगात काय आहे ते पुन्हा काढून बघा.

सहावी पायरी: झाड तपासा

रचना कागदावर उभी राहिली की रंगरूप देण्याआधी ट्री टेस्टिंग करा. फक्त नावांचं झाड, चित्रं नाहीत, सर्च नाही. काम सांगायचं आणि माणूस कोणत्या फांदीने जातो ते पाहायचं. ऑनलाइन साधनं आहेत, कागदी कार्डांवरही होतं.

काम लिहिताना उत्तर फोडू नका. 'नॉन-क्रिमिलेअर शोधा' असं सांगितलं तर माणूस तो शब्द तेवढा जुळवेल. त्याऐवजी: 'तुमच्या मुलीला इंजिनिअरिंगचा फॉर्म ओबीसी कोट्यातून भरायचा आहे. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे हे दाखवणारा कागद कुठे मिळेल?' किती जण पोचले, त्यातले किती सरळ पोचले आणि पहिली चूक कोणत्या नावावर झाली, या तीन नोंदी पुरतात. पहिल्याच नावावर बरेच जण चुकत असतील तर दोष त्या नावाचा. खालच्या फांद्या हलवून काही होणार नाही.

त्यानंतर साइटमॅप (पानांचा नकाशा), वायरफ्रेम (पडद्याचा कच्चा आराखडा), आपण कुठून कुठे आलो ते दाखवणारी पानावरची पट्टी, ही कामं डिझायनरबरोबर बसून होतात आणि आधीचं नीट झालं असेल तर भराभर होतात.

सातवी पायरी: मराठी शोध

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त इथे अडखळतं, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत हे मिळत नाही.

'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्तावाला ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. पानावर एक रूप आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डवर दुसरं असेल तर उत्तर शून्य. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत, हे दोन्ही एक करत नाही, नियम आपणच लिहावा लागतो. मजकूर साठवताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळी, दुसरं रूप पहिल्यात बदला. न दिसणारी सगळी चिन्हं सरसकट पुसणारं फंक्शन तेवढं वापरू नका. 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीने लिहिल्या असतील तर त्यांचा 'दर्या' होऊन बसेल.

'ॲप' चंही तेच. ॲ हे एकच अक्षर (०९७२) आहे, आणि अ वर चंद्र देऊनही (०९०५ आणि ०९४५) तसंच दिसतं. नॉर्मलायझेशन इथेही मदतीला येत नाही.

सातबारा लोक असे लिहितात: ७/१२, 7/12, सातबारा, सात बारा, ७-१२. तिरकी रेघ दिसली की अनेक सर्च इंजिनं शब्द तोडतात आणि मग सात आणि बारा हे आकडे असलेली सगळी पानं समोर येतात. ही रूपं समानार्थी शब्दांच्या यादीत हातानेच घाला. रोमन लिपीत टाइप करणारेही पुष्कळ असतात. त्यांची स्पेलिंगं सर्चच्या नोंदींतूनच मिळतील.

विभक्तीचा प्रश्न वेगळा. दाखला, दाखले, दाखल्याला, दाखल्यांसाठी. विहीर, विहिरी, विहिरीसाठी. मूळ शब्दाचं सामान्यरूप होताना शेवट बदलतो, कधी मधला दीर्घ स्वरही ऱ्हस्व होतो. हिंदीसाठी केलेला स्टेमर, म्हणजे प्रत्यय काढून मूळ शब्द शोधणारा प्रोग्रॅम, इथे लावू नका. तुमच्या विषयातले कळीचे दोन-तीनशे शब्द काढा आणि त्यांची रूपं टेबलात भरा. एका आठवड्याचं काम आहे आणि ते लगेच फळतं.

अकारविल्हे यादी लावताना ळ कडे लक्ष द्या. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे (०९३३) बसलाय. क्रमवारी मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) देऊनच करा.

आठवी पायरी: डेव्हलपरच्या हाती देणं आणि पुढे सांभाळणं

हस्तांतराच्या कागदात निदान एवढं असावं: सेवांचं टेबल, नावांचं वेगळं टेबल (अधिकृत, बोली, जुनं, रोमन असा प्रकार नोंदवून), सेवा आणि प्रसंग यांचं अनेकास-अनेक नातं (एका सेवेला अनेक प्रसंग, एका प्रसंगाला अनेक सेवा), सेवा आणि कागदपत्र यांचं नातं, आणि प्रत्येक गोष्टीला नावावर अवलंबून नसलेला कायमचा ओळख क्रमांक.

शेवटची अट कशासाठी, ते महाराष्ट्राने नुकतंच दाखवलं. औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, उस्मानाबाद धाराशिव झाला २०२३ मध्ये, अहमदनगर अहिल्यानगर झालं २०२४ मध्ये. ज्या प्रणालींत जिल्ह्याचं नाव हीच नोंद ओळखायची किल्ली होती त्यांना जुन्या नोंदी जोडताना घाम फुटणार. किल्ली क्रमांकाची असेल तर नावांच्या टेबलात एक ओळ वाढते, जुनं नाव शोधणाऱ्यालाही जिल्हा सापडतो, आणि यूआरएल तोच राहतो. यूआरएल बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे ३०१, टाका. लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले दुवे वर्षानुवर्षं फिरत असतात.

नवी सेवा कोण घालणार, नाव कोण ठरवणार, रिकाम्या हाती परतलेले शोध महिन्यातून एकदा कोण वाचणार, हे माणसाच्या पदासकट लिहून ठेवा.

कौशल्यं कशी कमवायची

ऐकून घेणं, वर्ग पाडणं आणि शब्दांची पारख ही मुळातली तीन. त्याखेरीज डेटाबेसचं मॉडेल वाचता यायला हवं, स्प्रेडशीटवर हात बसलेला हवा, आणि विभागप्रमुखाला 'तुमच्या विभागाचं नाव पहिल्या पानावर नसेल' हे आदराने सांगण्याची तयारी हवी. कोड लिहिता आलाच पाहिजे असं नाही, पण 'हे नातं कोणत्या टेबलात जाईल?' असं डेव्हलपरने विचारलं तर उत्तर देता यायला हवं. भाषा, ग्रंथालयशास्त्र किंवा पत्रकारितेतून आलेल्यांना इथे खरोखर वाव आहे.

सरावासाठी घरातलीच गोष्ट घ्या. घरची कागदपत्रं असतात त्या फाइलींतल्या ४० कागदांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा: रेशनकार्ड, लाइट बिल, आजीचं पेन्शन, गाडीचा विमा, शाळा सोडल्याचा दाखला. आईला, भावाला, शेजारच्या काकांना वेगवेगळं बसवून ढीग करायला सांगा. आई बहुधा माणसागणिक लावेल, भाऊ खात्यागणिक, काका 'दर वर्षी लागणारं' आणि 'जपून ठेवायचं' असे दोनच ढीग करतील. आता तिघांनाही दोन मिनिटांत कागद सापडेल अशी फाइल लावून पाहा.